दुष्काळ दुधात उशिरा उतरतो

पाऊस पडला की ओळखीच्या लोकांचे फोन येतात. "काय मग, सुटलात ना आता?" चांगल्या मनाने विचारतात त्यामुळे मीही "हो, बरंय आता" म्हणून मोकळी होते, खरं उत्तर द्यायला बसले तर धारेची वेळ होऊन जाईल. खरं उत्तर असं की गेलं वर्ष आमच्या गोठ्यातून अजून गेलेलंच नाही. पिकाचं वाईट वर्ष वाईटच असतं पण ते एकदाचं संपतं, पीक गेलं, डोक्याला हात लावला, पुढच्या पेरणीला पाटी कोरी. गाईचं तसं नाही. गाय भरवली की वासरू पोटात साधारण 280 दिवस, ती कालवड निघाली तर मोठी होऊन, गाभण राहून, व्यायला अजून दोन-अडीच वर्षं. म्हणजे मागच्या उन्हाळ्यात आपण जे काही कमी केलं, टाळलं, "बघू नंतर" म्हणून ढकललं, त्याचा हिशोब येणार कधी, तर सगळ्यांना वाटतंय आता ठीक चाललंय तेव्हा.

आणि वाईट वर्ष चालू असताना सुरुवातीचे महिने गोठा तुम्हाला काही सांगतच नाही. नुकती व्यालेली चांगल्या दुधाची गाय तर चांगल्या वर्षातही स्वतःच्या अंगावरचं मोडून दूध देते, कारण व्याल्यावर दूध भराभर चढतं आणि खाणं त्या वेगाने वाढत नाही, मग पाठीवरची, मागच्या पुठ्ठ्यावरची चरबी वितळवून ती भरपाई करते. वैरण कमी असली की हेच जास्त आणि जास्त दिवस चालतं. कॅन भरतोय म्हणून आपण खूश, अरे जमतंय की कमी चाऱ्यात! मग एक दिवस शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खड्डे दिसायला लागतात, बरगड्या मोजता येतात, आणि कळतं की हे दूध चाऱ्यातून नाही, गाईतून येत होतं.

पहिला इशारा देते ती दुधातली फॅट. "आज किती लागली?" हा आमच्या घरात दोन्ही वेळेला विचारला जाणारा प्रश्न, जेवलीस का हे नंतर. सुकी वैरण संपत आली की माणूस साहजिकच पेंड वाढवतो. लिटर टिकतं, फॅट घसरते. मग पहिला संशय मशीनवर, दुसरा दूध घेणाऱ्यावर, आणि मशीन कधीच चुकत नाही असं मी म्हणणार नाही, पण बऱ्याचदा उत्तर गव्हाणीत असतं. गाईच्या पोटातल्या सगळ्यात मोठ्या कप्प्यात जंतू असतात, ते चोथा आंबवून जे आम्ल तयार करतात त्यातून कासेत फॅट बनते. चोथाच पोटात गेला नाही तर फॅट येणार कुठून? वर लांब वैरण असली की गाय दिवसाचे सात-आठ तास रवंथ करते, दिवसभरात शंभर लिटरच्या वर लाळ तयार होते, आणि त्या लाळेत जणू खायचा सोडाच असतो, तो पोटातला आंबटपणा मारतो. रवंथ कमी म्हणजे लाळ कमी, पोट आंबट, शेण पातळ, गाय मरगळलेली. मी आता डेअरीच्या पावतीची वाट बघत नाही, दुपारी बसलेल्या गाईंकडे बघते, निम्म्यापेक्षा जास्त जणी नुसत्याच बसल्या असतील, तोंड हलत नसेल, तर संध्याकाळची पावती मी आधीच वाचलेली असते.

फॅटवर पैसे मिळतात याबद्दल माझी तक्रार नाही हं. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये स्टीफन बॅबकॉक नावाच्या माणसाने 1890 साली दुधातली फॅट मोजायची सोपी चाचणी काढली आणि तिचं पेटंटही घेतलं नाही. त्याच्या आधी दूध मापावर किंवा वजनावर जायचं, पाणी घालणारा आणि चोख दूध देणारा एकाच रांगेत, एकाच भावात. तेव्हा चाचणी आली हे चांगलंच झालं. पण उपाशी गाईचं दूध नुसतं फॅटला मार खात नाही, ऊर्जा कमी पडली की त्यातलं प्रोटीन घटतं आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घट्ट अंश, तोही लागत नाही, आणि एसएनएफ कमी म्हणजे समोरच्याच्या मनात पहिला विचार पाण्याचा. वाईट वर्षात प्रामाणिक माणसाचं दूधही कागदावर लबाड दिसतं. हे ऐकून घेताना जो राग येतो तो घरी येईपर्यंत गिळावा लागतो, कारण रागातली बाई धारेला बसली तर गाय पान्हा सोडत नाही, खरंच नाही सोडत, घाबरलेल्या जनावराच्या अंगात ॲड्रेनलिन वाढतं आणि ते पान्ह्याच्या आड येतं.

मग वैरणीची जुळवाजुळव. आम्ही काडावर, म्हणजे धान्य काढून उरलेल्या सुक्या काड्यांवर, युरियाची प्रक्रिया केली. 100 किलो काडाला 4 किलो युरिया, पाण्यात पूर्ण विरघळवून थरावर थर शिंपडायचा, तुडवायचं, प्लास्टिकखाली हवाबंद करून तीन आठवडे विसरून जायचं. आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, हे अजिबात पटलं नव्हतं, "शेतात टाकायचा तो जनावराच्या तोंडात घालता काय" म्हणून ते ढिगाकडे पाठ करून बसायचे. त्यांची भीती अगदीच चुकीची नव्हती, युरियाचा खडा तसाच राहिला किंवा पाणी नुसतंच गाईने प्यायलं तर जनावर जातं. उघडल्यावर अमोनियाचा असा भपका येतो की डोळ्यांत पाणी, म्हणून आदल्या दिवशी थोडं काढून वाऱ्यावर पसरून ठेवायचं आणि लहान वासरांना द्यायचंच नाही. गाईंनी पहिल्यांदा नाकं मुरडली, हुंगून मान फिरवली, मग नेहमीच्या वैरणीत मिसळत मिसळत सवय लावली. काड ते काडच, त्याचा काही हिरवा घास होत नाही, पण पोटात चोथा जातो, थोडं प्रोटीन जातं, रवंथ चालू राहतं.

पेंडेचं वेगळंच. टंचाई असली की मिळेल ती पेंड उचलली जाते आणि मिळेल ती म्हणजे कुठेतरी ओल लागलेली, कोपऱ्याला बुरशी धरलेली. "गाईला काय होतंय, ती पचवते" हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय. 1960 साली इंग्लंडमध्ये टर्की पक्षी पटापट मरायला लागले, लाखभर मेले, कारण सापडेना, शेवटी निघालं काय तर खाद्यातली बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड. अफ्लाटॉक्सिन हे विष जगाला तिथे सापडलं. गाय त्याने टर्कीसारखी पटकन मरत नाही हे खरं, पण ते विष रूप बदलून दुधात उतरतं, एका दिवसाच्या आत, आणि दूध उकळून ते जात नाही. आणि दूध पिणारं घरातलं पहिलं माणूस कोण, तर पोरगं. त्यामुळे वास आला की पोतं बाजूला, त्यावरून घरात वाद झाले तर झाले.

आता ज्वारीचं सांगते, कारण "सुटलात ना" विचारणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही. पावसाने ओढ दिली की ज्वारी गुडघ्याएवढी होऊन खुंटते, आणि चारी बाजूला सगळं करपलेलं असताना तेवढंच हिरवं दिसतं, माणसालाही मोह होतो तर जनावराचं काय. त्या खुंटलेल्या कोवळ्या ज्वारीत सायनाइडचं विष तयार होतं. आमच्याकडे म्हणतात किराळ लागली. शेजारच्यांच्या दोन गाई दावं तोडून अशा तुकड्यात शिरल्या होत्या. आरडाओरडा ऐकून आम्ही पळत गेलो तर एक आडवी झालेली, तोंडाला फेस, धाप इतकी की दोन्ही कुशी भात्यासारख्या वरखाली, डोळे लाललाल. दुसरी झोकांड्या खात उभी होती. डॉक्टर जवळच दुसऱ्या गोठ्यावर होते आणि त्यांच्या पेटीत सोडियम थायोसल्फेट होतं म्हणून उभी होती ती वाचली, शिरेतून औषध गेल्यावर हळूहळू तिचा श्वास खाली बसत गेला आणि तिने मान झटकली तेव्हा आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो. आडवी झालेली तोवर गेली होती. तर मुद्दा हा की हे विष सगळ्यात जास्त असतं ते पाऊस पडल्यावर जे नवे फुटवे येतात त्यांच्यात. म्हणजे शिवार हिरवं झालं, फोन यायला लागले, गावभर आनंद, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत गाईंची दावी दोनदा तपासून झोपायचं. ज्वारी नीट वाढून फुलोऱ्यात येऊ द्यायची, कापून उन्हात चांगली वाळवायची, मगच गव्हाणीत.

उन्हाचं तर काय लिहायचं. आपल्याला बरं वाटतं त्या हवेत दुधाळ संकरित गाय आधीच हैराण असते, पारा पंचवीस अंशांवर गेला की तिची उलाघाल सुरू, आणि दमट हवा असली तर आणखी लवकर. तिच्या पोटात सतत आंबवण चालू असतं, म्हणजे ती आतून तापलेलीच. मग ती खाणं कमी करते, हा तिचा उपाय. दुधाच्या लिटरमागे तीन-चार लिटर पाणी तिला लागतं आणि नेमकं पाणीच नाही, टँकरची वाट बघतोय. आम्ही पाण्याच्या बाबतीत एक ठरवून टाकलं होतं, आधी पिण्याचं, मग कास धुण्याचं, मग उरलं तर गोठा. अंगावर पाणी मारणं बंदच होतं, छपरावर उसाचं पाचट पसरलं आणि खाद्य पहाटे लवकर आणि रात्री उशिरा द्यायला लागलो. रात्री गारव्यात त्या खातात, दुपारी तुम्ही सोनं टाकलं तरी खाणार नाहीत.

पण उन्हाने दूध कमी होतं ते दिसतं तरी. जे दिसत नाही ते माजाचं, म्हणजे गाय भरवायला तयार होते त्या वेळेचं. हा मला खरा खड्डा वाटतो आणि यावर कोणी बोलत नाही. गाय दर 21 दिवसांनी माजावर येते आणि माज टिकतो अर्धा दिवस, फार तर अठरा तास. चांगल्या हवामानात ती हंबरते, दुसरीवर चढते, सोट म्हणजे चिकट स्राव टाकते, आंधळ्यालाही कळेल. उन्हाळ्यात दमलेली, अर्धपोटी गाय यातलं काहीच करत नाही. आलीच तर रात्री दोन-तीनला, सगळा गोठा झोपलेला असताना, थोडी अस्वस्थ, जरा जास्त वेळ उभी, शेपटीला वाळलेला सोट, बस एवढंच. आपण दिवसभर वैरणीच्या आणि पाण्याच्या मागे धावून मेलेल्यासारखे पडलेलो. सकाळी दूध थोडं कमी आलं, आपण म्हणतो ऊन फार आहे. झालं, 21 दिवस गेले. सापडला आणि वेळेवर भरवली तरी गर्भ सुरुवातीच्या दिवसांत उष्णता सोसत नाही, आणि गाय उलटते, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येते. पुन्हा 21. असे दोन-तीन माज हुकले की पुढच्या वर्षी तेवढे दिवस ती गाय भाकड उभी राहणार, खाणार तेवढंच, देणार काही नाही. आणि एकीचं नाही, उन्हाळ्यात सगळ्यांचंच असं झालेलं असतं, म्हणून मग पुढच्या वर्षी वैरण मुबलक असताना गोठ्यात दूध नसतं आणि बघणारे म्हणतात, एवढा चारा आहे तरी यांचं दूध का वाढेना! मी यासाठी रात्री एकदा उठायची सवय लावून घेतली, बॅटरी घेऊन नुसतं एक फेरी मारायची, वहीत नोंद करायची. नवरा म्हणाला चोरासारखी काय फिरतेस. म्हटलं अहो, चोरी होऊ नये म्हणूनच फिरतेय.

एकातून एक कसं निघतं बघा. धार काढून झाली की सडाचं तोंड लगेच मिटत नाही, अर्धा तास तरी उघडं असतं. म्हणून धारेनंतर पुढ्यात ताजी वैरण टाकायची, म्हणजे गाय खात उभी राहते, तोवर सड मिटतो. वैरणच नाही तर ती धार संपली की तशीच शेणात बसते, आणि जंतू सरळ आत. गेल्या वर्षी आमच्याकडे कासदाह वाढला त्याचं कारण मला तरी हेच वाटतं, गोठा तोच होता, हात तेच होते, पण गव्हाण रिकामी होती. पहिल्या दोन-तीन धारा काळ्या ताटलीत घ्यायच्या, त्यात बारीक गुठळ्या दिसल्या की पोटात गोळा येतो. सड गरम, हात लावू देत नाही, हळूहळू कास दगडासारखी, आबा त्याला दगडीच म्हणतात. मग ॲन्टिबायोटिक, आणि औषधाचा अंश जाईपर्यंत डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीत दूध ओतून द्यायचं. दूध कमी असलेल्या वर्षात बादलीभर पांढरंशुभ्र दूध खड्ड्यात ओतताना हात जड होतो आणि मोह सगळ्यांनाच होतो हे मला माहितीये, पण कॅनमध्ये गेलं की त्यात सगळ्यांचंच दूध खराब.

आणि इतकं सगळं करून भाव पडतो तो पडतोच. कारखान्याला माल खपत नसला की तो पाळी कमी करतो, मशीन बंद ठेवतो. गाय बंद करता येत नाही. सकाळ झाली की धार काढावीच लागते, नाही काढली तर कास फुगून ती आजारी. 2009 मध्ये युरोपात भाव कोसळले तेव्हा बेल्जियममधल्या शेतकऱ्यांनी ट्रॅक्टरने लाखो लिटर दूध शेतात सोडलं होतं, 2020 च्या लॉकडाऊनमध्ये शाळा, हॉटेलं बंद झाली तेव्हा अमेरिकेत टँकरच्या टँकर ओतले गेले. त्यांच्याकडे शेकड्याने गाई, यंत्रं, सगळं होतं, पण दिवसातून दोनदा येणारं दूध त्यांनाही थांबवता आलं नाही. मला त्या बातम्या वाचून बरं वगैरे वाटलं नाही, पण आपण काहीतरी कमी पडतोय ही जी एक बोच असते ना, ती जरा कमी झाली.

अशा वेळी खर्च कमी करायचा तर पहिली कात्री कुणावर, भाकड गाईवर. देत काही नाही ना, मग तिला नुसतं काड. हिशोब सरळ वाटतो पण पोटातल्या वासराचं वजन सगळ्यात जास्त वाढतं ते शेवटच्या दोन-तीन महिन्यांतच, नेमकं ती आटलेली असताना. अशा गाईला झालेलं वासरू थरथरत पडून राहतं, उभं राहायला तासन्‌तास घेतं, आणि त्याच्याकडे तेवढा वेळ नसतो, कारण चिकातली रोगप्रतिकारशक्ती त्याच्या आतड्याला पहिल्या काही तासांतच नीट शोषता येते, दिवस उलटला की दार बंद. म्हणून मांडीवर डोकं घेऊन बाटलीने चीक पाजत बसायचं, ते चोखत नाही, बोट तोंडात घालून चोखायला शिकवायचं, आणि एवढं करून कळतं की आईलाच चीक कमी आलाय. तरी आम्ही शेवटच्या दोन महिन्यांत भाकड गाईचा खुराक तोडला नाही, दुधावरच्या उतरणीला लागलेल्या गाईंचा थोडा कमी केला, त्यावर अजूनही घरात दोन मतं आहेत.

सध्या मतभेद चालू आहेत ते दोन कालवडींवरून. नवऱ्याचं म्हणणं, पाऊस झालाय, जनावराला गिऱ्हाईक आहे, विकून टाकू आणि उधारी फेडू. चुकीचं नाहीये ते, उधारी माझ्याही डोक्यात बसलेली आहे. माझं म्हणणं, मागच्या उन्हाळ्यात माज हुकले त्यामुळे पुढच्या वर्षी मोठ्या गाईंपैकी निम्म्या मागेपुढे व्याणार, मधले महिने कॅनचा तळ दिसणार, तेव्हा या दोघीच हाताशी असतील. बाजारात घेतलेल्या गाईची कास कशी आहे, उलटते का, कोणता आजार घेऊन आली, हे तुम्हाला घरी आणल्यावरच कळतं. आबा या वादात पडत नाहीत, ते फक्त एवढंच म्हणाले की बुळकांडीच्या, म्हणजे गुरांच्या त्या जीवघेण्या साथीच्या, काळात एका आठवड्यात गोठे मोकळे व्हायचे, तुम्ही निदान विकायचं की नाही यावर भांडताय. बुळकांडी 2011 मध्ये जगातून संपल्याचं जाहीर झालं हे मी त्यांना सांगितलं, त्यांनी "बरं झालं" म्हणून तंबाखू मळायला घेतली.

शेवटी तडजोड अशी झालीये की डॉक्टर गाभण तपासायला येतील, दोघी गाभण निघाल्या तर ठेवायच्या, रिकाम्या निघाल्या तर जो भाव येईल त्याला द्यायच्या. परवा रात्रीच्या फेरीत त्यातली काळी मला बराच वेळ उभी दिसली, शेपटी जरा वर, आणि वही काढून तारीख बघितली तर भरवल्यापासून बरोबर तिसरा आठवडा. तिने पाय मोकळे करायला उभं राहणंही शक्य आहे म्हणा. मी वहीत पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय आणि घरात अजून कोणाला काही बोललेले नाही.